गौराईचं नाक

रनाळे,
२ मार्च २०२५

सरलाबाई विहीणबाईंना मंगलाबाईचा नमस्कार.

फोन करून उपयोग नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की गल्लीतल्या बाया दारात येतात. रुपाला सांगितलं "सासूला सांग", तर ती अर्धंच सांगते. माझी पोर आहे, मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. मी चौथी शिकलेली. अक्षर लागलं नाही तर हेमकांत जावईबापूंकडून वाचून घ्या. रुपाकडून नको.

सरळ विचारते. शेजारच्या भिकुबाईच्या मोबाईलवर रुपाचा फोटो आला. हातात लाकडाचा मोर, अंगठ्याएवढा. खाली लिहिलेलं, "सासूबाईंच्या हाताखाली शिकले." भिकुबाईनं मला ते तीनदा वाचून दाखवलं. एकदा वाचलं असतं तरी कळलं असतं.

विहीणबाई, रनाळ्यात कोणालाही विचारा, लाकूड कोरणारी बाई कोण. बारा वर्षांची होते तेव्हापासून कोरते. मोडक्या विळ्याचं टोक दगडावर घासून चाकू केला, तो अजून चालतो. मोर, बैलजोडी, पाळणा, उखळ-मुसळ, सगळं सुपारीएवढं. विकत नाही. दुपारी बाया झोपतात, मी कोरते. गल्लीतल्या दर घराच्या कोनाड्यात माझं काही ना काही आहे. आणि माझी पोर शिकली कोणाच्या हाताखाली? सासूच्या.

तुम्ही तर अंगणवाडीत पोरं सांभाळलीत. कोरायला कधी शिकलात? लग्नाच्या बैठकीत तर तुमच्याकडचं कोणी बोललं नाही.

आणखी एक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रुपाला आणायला नवनीत मुराळी म्हणून येईल, २७ एप्रिलला. भाऊ आणायला आला की बहिणीची पिशवी भरलेली पाहिजे. मागच्या वर्षी पोराला दोन तास बसवून ठेवलंत.

मंगलाबाई


चिंचपाडा,
९ मार्च २०२५

मंगलाबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मीच वाचलं, अक्षर व्यवस्थित लागलं. रुपाने फक्त पाकीट पाहिलं आणि हसून म्हणाली (ओठांवरून मला कळतं), "आई रागात आहे. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलंय."

कोरायला मी कुठे शिकले नाही. अंगणवाडीत पोरांना खडूच्या बाहुल्या करून द्यायचे, तेवढंच. दोन वर्षांपूर्वी तापात माझे कान गेले. घरात चार माणसं बोलायची, हसायची, आणि मी कोणाच्या तोंडाकडे बघू तेच कळायचं नाही. हसणं संपल्यावर मी हसायचे. मग मी ओट्यावर जाऊन बसायला लागले. मिशनच्या दवाखान्यामागे एक पांगारा पडला होता, त्याचा तुकडा आणला आणि भाजीच्या चाकूने तासत बसले. हाताला काम हवं म्हणून.

रुपा शेजारी येऊन बसायची. बोलणं तर व्हायचं नाही. एक दिवस तिनेही तुकडा उचलला. मी शिकवलं असं म्हणणं खोटं होईल. ती करते, मी बघते. फोटोखाली तिने जे लिहिलं ते तिच्या मनाचं.

तुम्ही कोरता हे मला माहीत नव्हतं. रुपा कधी बोलली नाही.

आखाजीचं लक्षात ठेवते. पिशवी भरलेली असेल.

आपली,
सरला


रनाळे,
१६ मार्च २०२५

सरलाबाईंना नमस्कार.

"रुपा कधी बोलली नाही" हे तुमचं वाक्य मी चार दिवस घेऊन फिरतेय. भाकरी थापताना तेच, ढोरांना पाणी पाजताना तेच. तीन वर्षं झाली लग्नाला. तीन वर्षांत पोरीच्या तोंडून एकदा निघालं नाही की माझी आई कोरते? का तुम्ही ऐकलं नाही? राग मानू नका, कानाचं बोलत नाही मी.

आणि पांगारा काय सांगता? पांगारा म्हणजे लोणी. पांगारा कोणीही कापेल. आमच्याकडं हळदूचं लाकूड असतं, पिवळं, घट्ट. त्यात चाकू घालायचा तर मनगट पाहिजे. आमच्या गावच्या चुडामणची पिकअप पपई घेऊन तुमच्या वाटेनं नवापूरला जाते, त्याच्याकडं माझी एक बैलजोडी देतेय. नीट बघा. शेपटीचे केस मोजा. शिंगाला हात लावून बघा, टोचतं.

आता तुमचं काम बघायचंय मला. मोर-बिर नको, मोर पोरं पण करतात. गौराई पाठवा. तुमच्या बाजूला एवढं नसेल म्हणून सांगते. आमच्याकडं चैत्राच्या पुनवेला लाकडाची गौराई पाळण्यात बसते, ती आखाजीपर्यंत. गौराई म्हणजे घरची लेक, माहेरी आलेली. म्हणून आखाजीला झाडून सगळ्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. ज्या घरी पोर येत नाही त्या घरच्या गौराईकडं बाया बघतात आणि एकमेकींकडं बघतात. कळलं?

गौराईत सगळं दिसतं. खांदे, बोटं, नाक. ज्याला नाक जमलं त्याला सगळं जमलं. पाठवा.

मंगलाबाई


चिंचपाडा,
२९ मार्च २०२५

मंगलाबाईंना सप्रेम नमस्कार.

बैलजोडी मिळाली. इतकं बारीक काम मी आजवर पाहिलं नव्हतं, मनापासून सांगते. शेपटीचे केस हेमकांतने मोजले. एकवीस. रुपाने जोडी बराच वेळ हातात धरली आणि मग कोनाड्यात न ठेवता स्वतःच्या पेटीत ठेवली. वरून साडी टाकली. का ते मी विचारलं नाही.

आमच्याकडे योगायोगाने गौराईच चालू होती, तुमच्या पत्राच्याही आधीपासून. तीन महिने लागले. आधीच्या तेरा बिघडल्या, ही चौदावी. तीच चुडामणभाऊंच्या हाती देते आहे. अजून बसवलेली नाही. रुपाचं म्हणणं असं की आधी तुम्ही बघावी आणि जे वाटेल ते लिहावं. गोड बोलायचं नाही, खरं लिहायचं. नावं ठेवलीत तरी चालेल.

एकच विनंती. पौर्णिमेच्या आत परत पाठवा.

आपली,
सरला


रनाळे,
५ एप्रिल २०२५

सरलाबाईंना नमस्कार.

गौराई आली. खरं लिहा म्हणालात, तर ऐका.

उजवा खांदा खाली, डावा वर. घागर कमरेवर असती तर मी समजले असते, पण हात तर रिकामे. बोटं पाच आहेत, मोजली, पण मुळ्यासारखी. लुगड्याच्या निऱ्या बऱ्या आहेत. निऱ्या तर चांगल्याच म्हणायच्या, मी आमच्या ह्यांना पण दाखवल्या. पण नाक! भजं चिकटवल्यासारखं. गौराईचं नाक आहे का ते? देवी आहे ती, कोणाची मोलकरीण नाही.

भिकुबाईला बोलावून दाखवलं. म्हटलं, ही आमच्या विहीणबाईंची कारागिरी, हिच्या हाताखाली रुपा शिकते. भिकुबाई म्हणे, "चांगली शे की वं." भिकुबाईला बैल आणि बकरी सारखीच दिसते.

मला राहवलं नाही. दुपारी बसले आणि नीट केली. नाक तासून सरळ काढलं, नथीला भोक पाडलं. खांदा उतरवला. बोटं सुटी केली, एक सुटी करताना तुटलं, ते घासून मुडपलेलं दाखवलं, कोणाला कळणार नाही. दोन तासांत झालं. तुम्हाला तीन महिने लागले होते. आता कशी दिसते बघा. गौराई दिसते.

चिडू नका. शिकून घ्या. चुडामणकडं परत देतेय, पुनवेला बसवा. रुपाला पण दाखवा आणि सांगा, हे तुझ्या आईनं केलं. एवढं मात्र पूर्ण सांगा.

नवनीत २७ तारखेला येतोच आहे.

मंगलाबाई


चिंचपाडा,
९ एप्रिल २०२५

मंगलाबाई,

गौराई पोचली.

ती मी केली नव्हती. रुपाने केली होती. तेरा तिनेच बिघडवल्या होत्या. नाव सांगू नका, असं तिनेच मला सांगितलं होतं. "आईला माझं आहे हे कळलं तर ती बघणारच नाही, नुसती चूक शोधेल. दुसऱ्याचं म्हणून बघू दे." मी तिचं ऐकलं. चूक झाली. तुम्ही नावं ठेवाल याची आमची तयारी होती. तुम्ही चाकू घ्याल असं मला वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं की नाही, माहीत नाही.

तिने डबा उघडला, गौराई उजेडात धरली आणि मला एक गोष्ट सांगितली. हाताने, कागदावर लिहून, जमेल तशी. ती नऊ वर्षांची असताना तिने तुमच्या विळ्याच्या चाकूने एक चिमणी केली होती. तुम्ही ती बघितलीत, "वाकडी आहे" म्हणालात, आणि भाकरी चालू होती त्या चुलीत टाकलीत. नंतर तिने लग्न होईपर्यंत चाकू हातात घेतला नाही. म्हणून ती तुमच्या कोरण्याबद्दल आमच्याकडे बोलत नव्हती. आता मला कळलं.

ती आखाजीला येणार नाही म्हणते. मी तिला काही शिकवलेलं नाही. हेही नाही.

सरला


रनाळे,
१५ एप्रिल २०२५

सरलाबाई,

मला चिमणी आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही. आमच्या ह्यांना विचारलं. हा माणूस एरवी काही लक्षात ठेवत नाही, पंपाची किल्ली रोज हरवतो. ते म्हणे, "तूच टाकी व्हती चुल्हामा, मन्हा डोयासमोर." मी म्हटलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? ते म्हणे, "तुन्हासमोर कोन बोलस?"

म्हणजे टाकली असेल.

माझ्या बापानं मला असंच शिकवलं. वाकडं दिसलं की हातातून घ्यायचा आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं चेचायचा. म्हणून माझा हात सरळ झाला. मला वाटलं शिकवतात ते असंच. तुम्ही म्हणाल, अंगणवाडीत असं नसतं. नसेल.

पण एक सांगते, लिहिलं नाही तर छातीत राहील. तुम्ही चांगल्या कशामुळं आहात? तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही गप्प. गप्प माणसाला सगळे चांगलं म्हणतात. पोर लाकूड बिघडवते, तुम्ही गप्प. पोर मला न सांगता तीन महिने कोरते, तुम्ही गप्प. मी ओरडले, शिव्या दिल्या, पण वीस वर्षं तिच्या केसांतल्या उवा काढल्या त्या मी. तापात रात्र रात्र जागले ती मी. आणि ती डोकं टेकते कुठं? ते फोटोत दिसतं मला. मोर पुढं आहे, पण मागं तुमचं लुगडं आहे आणि तिचा खांदा त्याला लागलेला आहे. भिकुबाईच्या मोबाईलवर मी तो फोटो मोठा करून बघितलाय. मोर नाही बघितला मी.

जळते मी. लिहिलं. आता तुम्हाला काय करायचं ते करा.

पुनव झाली. माझा पाळणा यंदा रिकामा आहे. जुनी गौराई वाळवीनं खाल्ली आणि नवी करायला हळदू आणलं होतं, ते तसंच पडलंय. गल्लीतल्या बाया येऊन विचारतात, रुपा कधी येणार. मी सांगते, सत्तावीसला. तिला पाठवा. समजावा. तुमचं ती ऐकते.

मंगलाबाई


चिंचपाडा,
२१ एप्रिल २०२५

आई,

तुझी सगळी पत्रं मी वाचली. सासूबाईंनी दिली नाहीत, मी घेतली.

नवनीतला पाठवू नकोस. मी येणार नाही. त्याला उगाच दोन बस बदलाव्या लागतात.

गौराई मी पुनवेला इथेच बसवली. पाळणा नाही, हेमकांतनी खुर्चीला दोरी बांधून दिली.

तू केलेलं नाक चांगलं आहे. मी खूप वेळ बघितलं. मला तसं जमलं नसतं, अजून तेरा केल्या तरी. खांदा पण आता बरोबर आहे. म्हणूनच मी रडले. तू बिघडवलं असतंस तर मी भांडले असते आणि आखाजीला आले असते. पण तू चांगलं केलंस. आता तिच्याकडे बघितलं की नाक तुझं दिसतं आणि माझ्या फक्त निऱ्या दिसतात.

चिमणी वाकडी होती. ते मला तेव्हा पण माहीत होतं.

तू लिहिलंस सासूबाई गप्प असतात. आई, त्या गप्प नसतात. त्या दिवसभर बोलतात, तू ऐकलं नाहीस त्यांना. पण मी चाकू घेतला की त्या बघतात, आणि मी बिघडवलं की उठून चहा ठेवतात. मग मी दुसरा तुकडा घेते. बस, एवढंच शिकवतात.

तुला तसं बघत बसता येतं का? मला नाही वाटत. येत असेल तर तू ये. दोन दिवस. चाकू आणायचा नाही आणि कोरण्याचं एक अक्षर बोलायचं नाही.

रुपा


रनाळे,
४ मे २०२५

सरलाबाईंना नमस्कार.

मी पोचले. नंदुरबारच्या स्टँडवर बस दीड तास उभी होती, बाकी काही नाही. गल्लीत शिरल्या शिरल्या भिकुबाईनं धरलं. "आखाजीले पोर माहेरले येस. तू कोठे निंघनी व्हती वं मंगला?" मी म्हटलं, मी पण कोणाची तरी पोर आहे. तिला काही कळलं नाही, पण वाट सोडली.

तुम्ही दोन्ही दिवस ओट्यावर आमच्या शेजारीच होतात. पण काय झालं ते तुम्हाला पुरतं कळलं नसणार. रुपा सांगेल, पण अर्धंच. म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही, याचं तुम्हाला कौतुक वाटलं. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. कौतुक करू नका. मला ताप आल्यासारखं होत होतं. पोरगी चाकू उलटा धरते. अंगठा पात्यापुढं ठेवते. रेघ न आखता कापते. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले होते, मुंग्या आल्या. मग मी तिच्याकडं बघणं सोडलं आणि तुमच्याकडं बघत बसले. ही बाई कशी बसते ते बघू म्हटलं. तर पोरीचं कोपर तुमच्या गुडघ्यावर. शेजारी भिंत आहे, खांब आहे, आई आहे, पण कोपर तुमच्या गुडघ्यावर. त्या दिवशी मी जेवले नाही ती डोकं दुखतं म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या दुपारी, ती पोपट करत होती. सगळा झाला होता, चोच राहिली होती. मला दिसत होतं आता काय होणार. तिथं लाकडाची रग, म्हणजे आतली रेष, आडवी जात होती, चाकू घसरणारच. घसरला. चोच उडाली, अंगणात जाऊन पडली. तुम्ही उठलात आणि चहा ठेवायला आत गेलात.

तिनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, टक लावून. तिला माहीत होतं मी बोलणार. मला पण माहीत होतं. जिभेवर आलंच होतं सगळं, रग, अंगठा, उलटा चाकू, नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून सांगतेय. तोंडात कोंबायला काही पाहिजे होतं. हाताशी तुमचा तांब्या होता. उचलला आणि लावला तोंडाला. घटाघटा प्यायले, श्वास घेतला नाही.

रुपा ओरडली, "माय! तू पानी पिनी!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्यात लेकीला मूल होईस्तो आई तिच्या सासरचं पाणी पीत नाही. माझी आई माझ्याकडं तहानलेली बसून परत जायची. मी पण तीन वर्षं तुमच्याकडं येताना रनाळ्याहून बाटली आणते आणि भाकरी फडक्यात आणते, तुम्ही बघितलंय, तुम्हाला वाईट वाटतं हे पण मला ठाऊक आहे. एवढी पाळलेली रीत, आणि मोडली कशापायी तर पोपटाच्या चोचीपायी.

पाणी माझ्या नाकातून आलं. रुपाला हसू आवरेना, ती ओट्यावर आडवी झाली. मला पण आवरेना. मी ठसकत होते आणि ती माझ्या पाठीत बुक्के घालत होती.

तेवढ्यात तुम्ही कप घेऊन बाहेर आलात. विचारलंत, काय झालं? रुपा हसता हसता म्हणाली, काही नाही. तुम्ही कप खाली ठेवलेत आणि थोडं हसलात. उशिरा. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं, सरलाबाई. ते तोंड मला कोणी ओळखायला शिकवायला नको. फोटो बघितल्यापासून मी तेच घेऊन फिरते.

म्हणून हे पत्र. आम्ही तुम्हाला हसत नव्हतो. पाण्याला हसत होतो. रुपानं सांगायला पाहिजे होतं, मी तिला बसमधूनच फोन करून बोलले, सासूला असं "काही नाही" म्हणून टाकायचं नाही.

तुम्ही रिकामे कप घेऊन आत गेल्यावर ती मला म्हणाली, "आते काय करू वं माय? बिगर चोचना ऱ्हाऊ देऊ का?"

चौतीस वर्षं मी गावाला सांगत आले काय करायचं ते. मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

मी तिला काय म्हटलं ते तुम्हाला सांगणार नाही. पोपट तुमच्याच कोनाड्यात आहे, बघून घ्या. पण बोललो ते आमच्या दोघींचं. तेवढं मी ठेवून घेते.

मंगलाबाई